साडेनऊ बोटांची रोजरी

परवा रात्री गच्चीवर तू मला जे सांगितलंस ते तुझ्या आईच्या कानावर माझ्याकडून जाणार नाही, हे आधी सांगून टाकतो. तिला सांगायचं ते तूच सांगशील, आणि सांगावं लागेलच. पण ते पुढे. मोबाइलवरच्या जुगारात अठ्ठेचाळीस हजार गेले, त्यातले वीस कुठल्याशा लोन ॲपचे, आणि चाकणच्या कंत्राटी नोकरीत कापून-कुपून हातात येतात सतरा. ऐकून मी गप्प बसलो, तर तुला वाटलं म्हातारा चिडला. चिडलो नव्हतो रे. मला माझे आकडे आठवत होते.

मग तू विचारलंस, ‘आजोबा, प्रार्थना करून हे सुटतं का हो खरंच?’ डास फोडत होते, गुडघा ठणकत होता, म्हणून उद्या सांगतो म्हणालो. आज लिहूनच काढतोय. बोलायला लागलो की मी भरकटतो, आणि मध्येच तुझा फोन वाजतो.

मी 1974 साली चिंचवडला आलो, वीस वर्षांचा. हरेगावहून. तुझे पणजोबा तिथल्या साखर कारखान्यात होते आणि सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरली की आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. इकडे आलो तर स्टेशनजवळच्या एका खोलीत आम्ही पाच जण, तिघे नगरकडचे, एक वसईचा, एक लातूरचा. टेल्को, बजाज, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही नावं गावाकडे देवळासारखी घ्यायचे, पण तिथे आमचा नंबर लागला नाही. लागला तो एका छोट्या प्रेसशॉपमध्ये. नाव नको.

खोलीतल्या लातूरवाल्याने मला मटका शिकवला. ओपन रात्री नऊला, क्लोज बाराला. मुंबईत कुणीतरी तीन पत्ते काढायचं, त्यांची बेरीज, बेरजेचा शेवटचा आकडा. आणि तो आकडा रातोरात चिंचवडच्या टपरीपर्यंत पोचायचा. आपल्या गल्लीत तेव्हा नळाला पाणी वेळेवर येत नव्हतं, पण आकडा यायचा. सेकंड शिफ्ट अकराला सुटायची, म्हणजे क्लोज लागायला तासभर उरलेला आणि खिशात सुट्टे पैसे. चार आण्यांपासून सुरुवात झाली. पाच वर्षांनी तुझ्या आजीच्या कानातली फुलं सावकाराकडे होती.

तेव्हा तुझ्या ‘रमी’चं आणि क्रिकेटच्या पैजांचं मला नवल नाही. गेल्या वर्षी, 2025च्या ऑगस्टमध्ये, सरकारने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाच केला, तरी तुला वाट सापडली. मटक्यावरही बंदीच होती.

आता कानमंत्र. हे माझे नाहीत. बरेचसे मला एका म्हाताऱ्या जेझुइट फादरांनी दिले. ते नगरी मराठी असं बोलायचे की बाजारात भाजीवालीही फसायची. काही पुस्तकांतून आले, काही तुझ्या आजीकडून. त्यातलं जे मी स्वतः करून पाहिलं तेवढंच लिहितो.

फादरांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणालो, ‘माझ्या मनात दिवसभर आकडाच असतो, मी पापी आहे.’ त्यांनी विचारलं, ‘तू प्रेसवर आहेस ना? मग मला सांग, पेडल दाबल्यावर रॅम मध्ये थांबवता येतो का?’ आमच्याकडच्या जुन्या पॉवर प्रेसचं असं होतं, की पेडल दाबलं की क्लचची की फ्लायव्हीलमध्ये अडकायची आणि रॅम खाली येऊन परत वर जाईस्तोवर काही म्हणजे काही थांबायचं नाही. पाय काढून घेतलास तरी नाही. मी म्हणालो, नाही थांबवता येत. ‘बरं, फ्लायव्हील नुसतं फिरतंय तेव्हा?’ तेव्हा काय, ते दिवसभर फिरतच असतं. ‘मग तुझं डोकं फिरतंय ते फ्लायव्हील. त्याचं पाप लागत नाही. पाय कुठे आहे ते बघ.’

पोप ग्रेगरी म्हणून एक होऊन गेले, सहाव्या शतकाच्या शेवटी. त्यांनी मोहाच्या तीन पायऱ्या सांगितल्यात. आधी मनात येणं, मग मनात घोळवणं, मग होकार देणं. मनात येणं तुझ्या हातात नाही. जाहिरात येते, मित्राचा मेसेज येतो, पगाराचा एसएमएस येतो. घोळवणं बऱ्यापैकी तुझ्या हातात आहे. होकार तर पूर्णच तुझा. तुझी पिढी पहिल्या पायरीलाच स्वतःला शिव्या घालत बसते आणि मग ‘आता बिघडलोच आहे’ म्हणून तिसरी गाठते. मीही तेच केलं. सगळी प्रार्थना, उपास, जप, जे काही पुढे सांगणार आहे, ते पेडलच्या आधी करायचं आहे. पैसे लावल्यावर ‘देवा, हा आकडा येऊ दे’ म्हणून मी जेवढ्या माळा जपल्या तेवढ्या चांगल्या कामासाठी जपलो असतो तर आज तुझ्या आजीने मला संत मानलं असतं.

त्या फादरांनी मला एक वही दिली. पाठपोट दोनशे पानांची, आत आखलेल्या ओळी. संत इग्नेशियस लोयोला मूळचा शिपाई. 1521 साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडून वाचता वाचता माणूस बदलला. त्याचं साधनेचं पुस्तक 1548 साली छापलं गेलं, आणि त्यात ही युक्ती आहे. एकच दोष निवडायचा, दहा नाही. सकाळी उठल्या उठल्या म्हणायचं, आज हा एवढा टाळीन, देवा मदत कर. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्री, दोनदा, तास-तास आठवून बघायचं आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके त्या दिवसाच्या ओळीवर द्यायचे. दिवसाला दोन ओळी, आठवड्याच्या चौदा. मग कालच्या ओळीशी आजची ताडून पाहायची. मध्ये कधी घसरलास तर तिथल्या तिथे छातीवर हात ठेवायचा. चार माणसांत केलं तरी कुणाला कळत नाही. मी मशीनवर करायचो. सुपरवायझरला वाटायचं खिशात बिडी चाचपतोय.

मला वाटायचं हे शाळकरी पोरांचं काम आहे. तीन आठवडे केलं आणि वही बघून मीच चाट पडलो. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ओळी जवळजवळ कोऱ्या. थर्डलाही कमी. सगळे ठिपके सेकंड शिफ्टच्या आठवड्यात, त्यातही पगारानंतरच्या चार दिवसांत, आणि रात्रीच्याच ओळीवर. म्हणजे मी काही चोवीस तासांचा जुगारी नव्हतो. मी रात्री अकरा ते बारा, गेट ते टपरी, एवढ्या पल्ल्यातला जुगारी होतो. हे कळल्यावर निम्मं ओझं उतरलं. एका तासाची राखण करायची होती, जन्माची नाही.

तू वही घे. फोनमध्ये टिपू नकोस, चोराच्याच घरात तक्रारवही कशाला ठेवायची?

वहीनंतर मी रस्ता बदलला. टपरीवरून घरी दहा मिनिटं, दुसऱ्या वाटेने पंचवीस. पंचवीस मिनिटं चाललो. आपल्यात पश्चात्तापाच्या प्रार्थनेत पापाची निमित्तं टाळण्याचं वचन आपण देतो, ते किती जण मनावर घेतात देव जाणे. निमित्त म्हणजे तोच कोपरा, तोच दोस्त, तीच वेळ. पण माझं निमित्त टपरीत बसलेलं होतं, तुझं खिशात आहे, आणि म्हणून तुझं काम माझ्यापेक्षा अवघड आहे हे मी मान्य करतो. ‘आमच्या वेळी आम्ही कसं’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांचं ऐकू नकोस. फोनवरचे ते खेळ काढून टाक. यूपीआयची मर्यादा बँकेत सांगून पाचशेवर आणून ठेव. रात्री दहानंतर फोन घरातल्या आल्तारावर, मरियेच्या पुतळ्याच्या पायाशी, आणि चार्जरही तिथेच. गजर लावायला घड्याळ घे, दोनशेला मिळतं.

इग्नेशियस अजून एक सांगतो, शिपायाच्या भाषेत: शत्रू किल्ल्याला चक्कर मारतो आणि जिथे तट कच्चा असेल तिथे घाला घालतो. फादर हे सांगायचे तेव्हा मी त्यांच्याशी वाद घातला होता. म्हटलं, फादर, आमच्या सिंहगडावर उलटं झालं. 1670च्या फेब्रुवारीत तानाजी दरवाज्याकडून नाही गेला, द्रोणागिरीच्या कड्यावरून गेला. तो कडा गडाची पक्की बाजू होती, म्हणून तर तिथे पहारा ढिला. फादर बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘हे मी पुढच्या रिट्रीटला सांगतो.’ तुला म्हणून सांगतो, तुझा कच्चा तट पैसा नाही. तू हिशोबात हुशार आहेस, बारावीला गणितात ब्याण्णव. ‘मला पॅटर्न कळतो’ हा तुझा द्रोणागिरी आहे. मलाही कळायचा. वहीच्या मागच्या पानांवर सहा महिन्यांचे आकडे मांडले होते मी.

मोह आला की त्याच्याशी बोलायचं नाही. एदेन बागेत सगळं बिघडलं ते फळापाशी नाही, त्याआधी. सापाने विचारलं आणि हव्वेने उत्तर दिलं, मग पुन्हा तो बोलला. चर्चा सुरू झाली की साप जिंकतो, त्याचा तो धंदाच आहे. प्रभू येशूने चाळीस दिवसांच्या उपासानंतर तिन्ही वेळा एकेका वाक्यात विषय तोडला, तोही स्वतःचं डोकं न चालवता, शास्त्रातलं तयार वाक्य काढून. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा साधू होता. त्याने तर कोणत्या विचाराला शास्त्रातलं कोणतं वचन फेकून मारायचं याची अख्खी यादीच करून ठेवली, आठ प्रकारच्या मोहांसाठी. तुला यादी नको. त्याच परंपरेतला कॅशियन एकच सांगतो: स्तोत्र 70ची पहिली ओळ पाठ कर आणि सगळीकडे तीच वापर. देवाने मदतीला धावून यावं, एवढाच तिचा अर्थ. उठताना, बसताना, भूक लागली तरी, राग आला तरी. आपण देहू-आळंदीच्या मध्ये राहणारी माणसं, नामाचा जप काय असतो हे आपल्याला कुणी रोममधून येऊन शिकवायला नको. पुण्याचे बिशप होते थॉमस डाबरे, त्यांनी डॉक्टरेट तुकोबांवर केली.

संत ऑगस्टिनने एका पत्रात लिहिलंय की इजिप्तचे ते संन्यासी फार लांब प्रार्थना करत नसत, बाण सोडावा तशा छोट्या छोट्या वरचेवर करत. मला हे फार पटतं. रात्री साडेअकराला, बोट ॲपवर असताना, पाच भेदांची रोजरी सुचणार आहे का कुणाला? ‘येशू, धाव.’ दोन शब्द. आणि लगेच पाय हलव. योसेफाला मालकाच्या बायकोने पकडलं तेव्हा तो वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. त्याने आधी गुडघे टेकून प्रार्थना केली असं बायबलात कुठेही नाही. उठ, पाणी पी, जिना उतरून खाली जा, कॉलनीला एक फेरी मार. दहा-पंधरा मिनिटं काढलीस की लाट उतरते. दरवेळी उतरते, मी घड्याळ लावून पाहिलंय.

आता बोटाचं. तू लहानपणी विचारायचास, आजोबा, तुमचं हे बोट कुणी खाल्लं? मी सांगायचो, उंदराने.

1979चा पाऊस. सेकंड शिफ्ट, साडेनऊच्या सुमारास. कॅन्टीनच्या पोऱ्याने येऊन माझ्या कानात ओपनचा आकडा सांगितला, आणि तो माझा होता. क्लोज लागला असता तर आजीची फुलं सुटत होती. हाताने ब्लँक डायमध्ये ठेवत होतो, डोळे कुठे होते माहीत नाही, आणि पायाने आपलं काम केलं. डाव्या हाताची करंगळी अर्धी गेली. पट्टी बांधून ग्लानीत पडलो होतो तेव्हाही मी विचारलं, क्लोज काय आला?

लोक म्हणाले देवाने शिक्षा केली. मी तसं तेव्हाही मानलं नाही, आज बहात्तराव्या वर्षीही मानत नाही. त्या प्रेसला गार्ड नव्हता, दोन हातांचं बटण नव्हतं, सकाळीच सेटरने सांगितलं होतं आणि मालकाने पुढच्या महिन्यात बघू म्हटलं होतं. आणि माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोन्ही खरं आहे. पहिल्याबद्दल मालकाने देवाला उत्तर द्यावं, दुसऱ्याबद्दल मी. तू चाकणला ज्या मशीनवर उभा असतोस तिथे गार्ड आहे का ते मला रविवारी येऊन सांग. नसेल तर आधी ते बोल, मोहाचं मागाहून.

त्यानंतर मी बोटांवर रोजरी म्हणायला लागलो. मशीनवर माळ गळ्यात चालत नाही, अडकली तर जीव जाईल. पण दहा नमो मरियांना दहा बोटं पुरतात, आणि माझी साडेनऊ. त्या अर्ध्या बोटाशी आलो की मी जरा थांबतो. सेकंड शिफ्ट सुटली की गेटपासून सुरू करायचो, लांबच्या वाटेने, आणि पाच भेद होईस्तोवर घर यायचं. फादरांना वाटलं मी भक्तिमान झालो. खरं सांगू? मला त्या तासात तोंड आणि हात गुंतवायला काहीतरी हवं होतं. भक्ती मागाहून आली, हळूहळू, आणि कधी आली ते मला नीटसं सांगताही येणार नाही.

तुझ्या आजीला फुलांचं कळलं ते सावकाराच्या माणसाने दारात येऊन सांगितलं तेव्हा. ती बोलली, आणि खूप बोलली, आठ दिवस. नवव्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, किती, कुणाकडून, कधीपासून. तोपर्यंत इतकी वर्षं मी हे उरावर घेऊन हिंडत होतो, आणि आश्चर्य असं की सांगितल्यापासून ओढ निम्मी झाली. इग्नेशियसला हेही ठाऊक होतं. तो म्हणतो, सैतान चोरून प्रेम करणाऱ्या लफंग्यासारखा असतो. त्याला एकच भीती, की पोरगी बापाला सांगेल. गच्चीवर मला सांगितलंस ना, तिथेच तुझं पहिलं काम झालं. दुसरं पापनिवेदन.

कन्फेशनला तू शेवटचा कधी गेलास हे मी विचारत नाही. वर्षातून एकदा तरी जावं असा चर्चचा नियम आहे, तो कमीत कमीचा आहे. जाशील तेव्हा गोष्ट सांगत बसू नकोस. ‘मित्राने लिंक पाठवली, मग मला वाटलं’ असलं काही नको. काय केलं, साधारण किती वेळा, एवढं सरळ. घरच्यांशी खोटं बोललास तेही सांग, कारण माझ्या मते जुगारापेक्षा ते मोठं आहे. जमलं तर दरवेळी त्याच फादरांकडे जा. लाज वाटेल, आणि त्याचसाठी जा. दुसऱ्या वेळी तेच पाप त्याच माणसाला सांगायचंय या विचारानेच मी दोनदा टपरीवरून परत फिरलोय. आणि ते कुणाला सांगतील ही भीती काढून टाक. ते गुपित फोडायची त्यांना कोणत्याही कारणाने मुभा नाही, पोपलाही ती देता येत नाही.

पैशाचं सांगतो, कारण प्रार्थना करणारे लोक पैशाचं बोलत नाहीत. डब्लिनमध्ये मॅट टॅल्बट म्हणून एक हमाल होता, लाकडाच्या वखारीत कामाला. पोरवयापासून दारूत बुडालेला. 1884 साली, अठ्ठावीस वर्षांचा असताना, त्याने तीन महिने दारू न पिण्याची शपथ घेतली. जन्माची नाही, तीनच महिने. ते झाल्यावर वाढवली, आणि 1925 साली मिस्साला जाताना रस्त्यात कोसळून मेला तोवर प्यायला नाही. 1975 साली चर्चने त्याला पूजनीय ठरवलं. त्याच्याबद्दल सांगतात, की दारूच्या दुकानासमोर पाय अडखळायला लागले तेव्हा त्याने खिशात पैसे ठेवणंच सोडून दिलं. मी ते उचललं. पगाराचं पाकीट न फोडता तुझ्या आजीच्या हातात, आणि ती मला रोजचा चहा-बिडीचा खर्च मोजून द्यायची. चाळीतले हसायचे. हसू देत. तू काय कर, पगार जमा होतो त्याच दिवशी दहा हजार आपोआप आईच्या खात्यात जातील असं बँकेत लिहून दे. आणि शपथ घेशील तर येत्या पगारापर्यंतची घे. मग पुढच्या पगारापर्यंतची.

उपासाचं फार स्तोम माजवू नकोस. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, अठरा पूर्ण झालेल्याने उपास करावा, साठीला टेकलेल्याला सूट. शुक्रवारी मटण नाही. एवढं पाळ. त्यावर माझी भर इतकीच, की रोज एखादी छोटीशी, पापाशी संबंध नसलेली गोष्ट स्वतःला नाकार. मी चारचा चहा सोडला होता. चहात काही वाईट नाही, पण ज्याला चहाला ‘नको’ म्हणता येत नाही त्याला आकड्याला कुठून म्हणता येणार? मात्र बारा तासांच्या शिफ्टमध्ये निर्जळी उपास करून मशीनवर उभा राहिलास तर मी स्वतः येऊन तुला वडापाव भरवीन. संत थॉमस अक्विनस, तेराव्या शतकातला एवढा मोठा विद्वान, मनाच्या खिन्नतेवर उपाय लिहिताना मित्र, रडणं, सत्याचं चिंतन यांच्याबरोबर झोप आणि अंघोळही सांगतो. नाईट संपवून आलास की आधी अंघोळ, मग झोप. माझ्या वहीतले अर्धे ठिपके निव्वळ जागरणाचे होते.

आणि पडशील. हे मी शाप म्हणून नाही सांगत. मी 1981 साली मटका सोडला, आणि 25 जून 1983ला परत पडलो. वर्ल्डकपची फायनल. भारत 183 ला आटोपला, आणि मी आकड्यात हुशार माणूस, शेजारच्याशी अडीचशे रुपयांची पैज मारली वेस्ट इंडीजवर. मध्यरात्री अख्खं चिंचवड रस्त्यावर नाचत होतं आणि मी एकटा संडासाच्या मागे उभा राहून रडत होतो. लोकांना वाटलं आनंदाने रडतोय, एकाने पेढा भरवला.

त्या रात्री मला वाटलं, दोन वर्षं वाया गेली, वही फाडून टाकावी. फाडली नाही, कारण इग्नेशियसचा अजून एक नियम फादरांनी माझ्याकडून घोकून घेतला होता: मन अंधारात असताना आधीचा ठराव बदलायचा नाही. उजेडात ठरवलेलं अंधारात मोडू नये. रात्री दोन वाजता जे काही ‘आता कळलं मला’ असं वाटतं ते सगळं सकाळी नऊपर्यंत तहकूब ठेव. सकाळी मी एक ठिपका दिला. एकच. त्याच्या आधीच्या ओळी कोऱ्याच होत्या, त्या काही पुसल्या गेल्या नव्हत्या. 1984च्या राखेच्या बुधवारापासून मात्र आजतागायत नाही. पॅरिशच्या सणाला हाऊजीसुद्धा खेळत नाही, जरी कॅटेकिझम म्हणतो की नशिबाचे खेळ मुळात अन्याय नव्हेत, कुटुंबाच्या गरजेचा पैसा त्यात जायला लागला की ते चुकीचे. माझ्यासारख्याने त्या बारकाव्यात शिरू नये.

प्रार्थनेने काय होत नाही तेही ऐक. लोन ॲपवाले धमक्या देतात, तुझे फोटो पाठवू म्हणतात, त्यावर नोव्हेना करत बसू नकोस. 1930 या नंबरवर तक्रार कर, मेसेज जपून ठेव. हात थरथरायला लागले, झोप उडाली, जीव नकोसा झाला तर 14416 वर फोन लाव, मराठीत बोलतात, फुकट आहे. आमच्या शिफ्टमधला एक जण दारूपायी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, अवचटांनी 1986 साली काढलेलं. तो दर रविवारी मिस्सालाही असायचा. त्याला कुणी विचारलं, देवाने बरं केलं की डॉक्टरांनी? तर म्हणायचा, मला दोघांचंही बिल आलेलं नाही, तुम्हाला काय करायचंय.

प्रभूच्या प्रार्थनेत मोहाबद्दलची जी मागणी आहे, तिच्या शब्दांवर मोठमोठ्यांनी खल केलाय. फ्रेंच लोकांनी 2017 साली त्यांचं भाषांतर बदललं, इटालियनांनी 2020 साली, कारण जुन्या शब्दांवरून देवच आपल्याला मोहात नेतो की काय असं वाटायचं. मला त्या मागणीत दुसरंच काही दिसतं. ती ‘मला’ नाहीये, ‘आम्हाला’ आहे. तू म्हणशील तेव्हा त्यात मी असतो, मी म्हणतो तेव्हा तू. परवापासून मी त्या शब्दाशी आलो की थांबतो, अर्ध्या बोटाशी थांबतो तसा.

फुलं 1986 साली सुटली. आजी रविवारी घालते ती तीच.

शनिवारी तुझी फर्स्ट आहे. घरी ये, अंघोळ कर, काहीतरी खा. पाच वाजता मी खाली गेटपाशी असेन. पिंपरीच्या चर्चपर्यंत चालत जाऊ, माझ्या गुडघ्याच्या वेगाने. तू आत फादरांशी बोल, मी बाहेर बाकावर बसतो. वही मी आणलेली आहे. फोन आल्तारावर ठेवून ये.